जांभळीचा मधला सिलेंडर

ताई, तुझी बर्फावरची गाडी, जांभळी, मी बंद पाडली. मधला सिलेंडर गेला. पिस्टनच्या माथ्यावर हरभऱ्याएवढं भोक पडलंय. ते कसं पडलं हे तुझ्याइतकं चांगलं दुसऱ्या कुणाला समजणार नाही, म्हणून आधी तुला सांगतो. बाकीच्यांनी बाजूला बसून ऐकावं.

तुला जाऊन अजून महिना झालेला नाही. लोकांचे मेसेज येतायत. शांत, सोज्वळ, हसतमुख. मॉरिसव्हिलमधल्या आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, ‘त्यांच्या येण्याची चाहूलसुद्धा लागत नसे.’ मी फोन हातात धरून एकटाच हसलो. ताई, तुझ्या येण्याची चाहूल दोन मैलांवरून लागायची. तळ्याच्या पलीकडच्या काठावरची कुत्री आधी भुंकायची, मग झाडांवरचा बर्फ हलायचा, मग तू.

तुझ्या त्या आवाजाबद्दल मी तुझ्याशी कधी धड बोललो नाही. बोललो ते फक्त किंमत, विमा, हेल्मेट आणि तुझं वय यांबद्दल. मी मुळात कमी बोलणारा. कमी बोलणाऱ्या माणसाला लोक विचारी समजतात, हा त्याचा फायदा. मी तो आयुष्यभर घेतला.

पहिल्यांदा तुला जांभळीवर बसलेली पाहिलं तो दिवस आठवतो. मी नुकताच नोकरीला लागलो होतो आणि तुला भेटायला अप्पर मिशिगनला आलो होतो, पायात ऑफिसचे बूट घालून. तू मला थेट गोठलेल्या तळ्यावर नेलंस. तिथे गावातल्या स्नोमोबिल क्लबची, म्हणजे बर्फावरच्या गाड्यांची, शर्यत होती. शर्यत म्हणजे एकेकाने सरळ रेषेत जाऊन वेग मोजून घ्यायचा. दाढीवाले, बिअरवाले, तंबाखू चघळणारे सगळे बाप्ये. त्यांच्या ओळीत एक ठेंगणी आकृती, हेल्मेटखालून लोंबणारी वेणी. माझ्या शेजारच्या म्हाताऱ्याने मला विचारलं, “ही कोण, माहितीये का?” मी नागपूरची माझी बहीण असं काही सांगणार, तेवढ्यात तोच म्हणाला, “दॅट्स व्ही.” वैजयंतीचा व्ही. तुला इथल्या लोकांनी एका अक्षरात बसवलं होतं.

मग तू हँडलवरच्या वेगाच्या खटक्यावर अंगठा दाबलास.

ताई, मला तेव्हा जे वाटलं ते मी तुला सांगितलं नाही. मी म्हणालो होतो, “फार प्रदूषण करते गं ही.” पण खरं असं झालं की माझ्या छातीच्या फासळ्या त्या आवाजाबरोबर वाजायला लागल्या. तीन सिलेंडर, तिघांचे तीन वेगळे पाइप, तीन गळ्यांतून निघालेला एकच सूर. जांभळ्या रंगाचं ते धूड पुढून उचललं गेलं, दोन्ही स्की हवेत, मागे बर्फाची भिंत उभी राहिली आणि त्या भिंतीपलीकडे तू नव्हतीसच. पापणी लवायच्या आत तू तळ्याच्या दुसऱ्या टोकाला एक ठिपका झाली होतीस. मागे उरला तो निळसर धूर. आणि त्या धुराचा वास! उन्हाळ्यातल्या नागपूरचा, बाबांच्या स्कूटरचा वास. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळल्यावर येतो तो गोडसर, डोक्यात चढणारा. हाडं गोठवणाऱ्या थंडीत मी तिथे उभा राहून आपल्या अंगणात पोचलो होतो.

तू तिथूनच सुरू झालीस, नाही का? रविवारी बाबा स्कूटरचा कार्ब्युरेटर खोलून वर्तमानपत्रावर मांडायचे. मी आईच्या आसपास, खरवसाच्या आशेने. तू बाबांच्या समोर मांडी घालून. त्यातला तो पितळी जेट, ज्वारीच्या दाण्याएवढा, त्याच्या पोटातून पेट्रोल जाणारं सुईएवढं छिद्र. बाबा त्यात फुंकर मारायचे आणि तुझ्या हातात द्यायचे. तू तो डोळ्याला लावून सूर्याकडे बघायचीस. “दिसलं का?” “दिसलं बाबा. गोल आहे. स्वच्छ आहे.” मग स्कूटर एका अंगावर तिरकी करायची आणि किक.

तुझ्या मैत्रिणी अमेरिकेत येऊन कॉम्प्युटरकडे वळल्या. तू धातू धरून बसलीस. ओतकामाच्या कारखान्यात, बर्फाच्या मुलुखात, सहा महिने सूर्य उसना आणावा लागतो अशा गावात. तुझ्या लेकीचे, सईचे बाबा वेगळे झाले तेव्हा सगळ्यांना वाटलं आता ही उबदार जागी येईल. तू त्याच हिवाळ्यात जांभळी विकत घेतलीस. तेव्हाही ती नवी नव्हती. आधीच्या मालकाने कंटाळून काढली होती.

“ऐक मिल्या,” तू गॅरेजमध्ये मला दाखवत होतीस, एखादी बाई नव्या सुनेचं कौतुक सांगते तसं. “आठशे सीसी. तीन सिलेंडर, तीन कार्ब्युरेटर. दीडशेच्या आसपास घोडे. वजन सुकं अडीचशे किलो. गिअर नाहीत, दोन पुल्या आणि मधे पट्टा. आपल्याकडच्या स्कूटीत असतो तसाच, फक्त हा चिडलेला.”

“आणि ब्रेक?”

“तू तेवढंच विचारणार.”

“रिव्हर्स?”

“नाही. मागे वळायचं तर उतरायचं, तिचं बूड उचलायचं आणि फिरवायचं.”

“अडीचशे किलो?”

“म्हणूनच मी जिथे परत यावं लागेल अशा जागी जात नाही.”

आपलं भांडण मात्र परत परत त्याच जागी यायचं. मी म्हणायचो, “ताई, ही विकून टाक, जुन्या मशीनला पुढे कुत्रं विचारणार नाही.” तू म्हणायचीस, “मिल्या, वीस वर्षांनी तुझी ती इलेक्ट्रिक गाडी ढकलायलासुद्धा कुणी येणार नाही, आणि हिच्यासाठी लोक ट्रेलर घेऊन दारात उभे राहतील.” मी नव्या स्नोमोबिलचे, तुमच्या भाषेत स्लेडचे, आकडे सांगायचो. वजनाने हलक्या, बटणावर सुरू होणाऱ्या, हवा मोजून आपलं आपण पेट्रोल ठरवणाऱ्या. तू म्हणायचीस, “बरोबर आहे. वळणावर नवी स्लेड हिला खाऊन टाकेल. पेट्रोल ही टँकरसारखं पिते. हँडल फिरवताना खांदे निघतात. पण नवीला हवा कळते, म्हणून बसणाऱ्याला कळावी लागत नाही. हिला कळत नाही. म्हणून मला कळावी लागते.”

 त्यावर मी विम्याचा विषय काढला असणार.

लोक ट्रेलर घेऊन येतील हे तुझं खरं ठरलं. तीन सिलेंडरवाल्या त्या पिढीच्या मशीन आता कुणी बनवत नाही, आणि तरुणपणी ज्यांना त्या परवडल्या नाहीत ते आता पन्नाशीचे आणि पैसेवाले झालेत. मलाही ते कळत होतं. कबूल करायला मात्र तू जाईपर्यंत थांबलो.

आता डिसेंबर.

मी आलो तेव्हा तुझी किमो थांबलेली होती. तू म्हणालीस, “ब्रेक घेतलाय.” मी ब्रेक हा शब्द घेतला आणि पुढे काही विचारलं नाही. तू पूर्वीपेक्षा बारीक दिसत होतीस, पण डोळे, ताई, डोळे असे लखलखीत की मला वाटलं औषध लागू पडलं. बोलणं भरभर. दोन दिवसांत तू तीन वेळा पिठलं केलंस. डॉट, तुझी शेजारीण, सत्तरी ओलांडलेली, आयुष्यभर शाळेची बस चालवलेली, तिला तू ठेचा खाऊ घातलास आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा टाळ्या वाजवल्यास. डॉट मला म्हणाली, “तुझी बहीण मला मारायला बघते आणि मी रोज येते.”

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. छपरावरून पागोळ्या गळत होत्या, डिसेंबरात असं क्वचित होतं. तू म्हणालीस, “चल, जांभळीला बाहेर काढू.” गॅरेजमध्ये जाऊन तू फळीवरून मसाल्याचा डबा काढलास, आईने तुला सामानात घालून दिला होता तो, स्टीलचा, सात वाट्यांचा. तुझ्या स्वयंपाकघरात प्लास्टिकच्या बरण्या होत्या आणि हा डबा इथे होता. वाट्यांत जेट. पितळेचे बारके बारके दाणे.

“मोहरीच्या वाटीत उन्हाचे,” तू दाखवलंस. “मग जिरं, मग धने, जशी थंडी वाढेल तसे मोठे. हळदीच्या वाटीत सगळ्यात मोठे. उणे वीसच्या खालचे.”

“थंडीत मोठे का?”

“थंड हवा दाट असते रे. इंजिनात जास्त हवा जाते, मग पेट्रोलही जास्त लागतं. थंडीत जांभळीची भूक वाढते. कमी पडलं तर आतून तापते.” तू तिन्ही कार्ब्युरेटर खोलून बारीक जेट बसवलेस, बोटं जराशी थरथरत होती, मी ते थंडीवर घातलं. मग तू मान वर केलीस. “गंमत सांगू? उपाशी असते ना, तेव्हाच ती सगळ्यात छान पळते. आवाज चढतो, गोड होतो. नवख्याला वाटतं, वा! काय लागलीये आज! आणि पुढच्या मिनिटाला पिस्टन गेलेला असतो. लोखंड तापलं की लाल होऊन सांगतं तरी. ॲल्युमिनियम नाही सांगत. तसंच दिसत राहतं आणि एकदम वितळतं. म्हणून ध्यानात ठेव, आवाज फार गोड लागला की अंगठा सोडायचा.”

इंजिन सुरू करायची दोरी तू ओढलीस. मी पुढे झालो तर माझा हात झटकलास. तीन सिलेंडरांचा तो दाब, माझ्या खांद्याला घाम फोडणारा, तू दुसऱ्या ओढीत जिंकलास. तळ्यावर एक लांब फेरी मारून आलीस. हेल्मेट काढलंस तेव्हा तुझा चेहरा सतरा वर्षांच्या मुलीचा होता. मी ताई, तिथे उभा राहून इतका आनंदलो. इतका निश्चिंत झालो.

चहा पिताना तू म्हणालीस, “जायलाच हवं का उद्या?”

एवढंच. चहात साखर हवी का विचारावं इतक्या सहज. मी म्हणालो, “मीटिंग आहेत गं, पण तू म्हणालीस तर कॅन्सल करतो.” आणि तू म्हणालीस, “छे छे, जा. मी मस्त आहे.” पण वाक्याच्या क्रमाकडे बघ. आधी मी मीटिंग म्हणालो.

विमानतळावरून मी सईला फोन केला. तुझी लेक, सनीव्हेलमध्ये, तिच्या कामाच्या ऐन धांदलीत. “मामा, हाऊ इज शी, रिअली? मी येऊ का आत्ता?” मी म्हणालो, “अगं, आई एकदम झकास आहे. स्लेड चालवली काल! तू तुझं रिलीज संपव आणि जानेवारीत निवांत ये.”

जानेवारीत सई आली तेव्हा तू बोलत नव्हतीस. तिने तुझा हात धरला, तू तो दाबलास म्हणे. ती म्हणते दाबलास.

तू गेल्यावर डॉटने मला एक सांगितलं. मी निघालो त्या दुपारी माझी टॅक्सी वळणावरून दिसेनाशी झाल्यावर तू गॅरेजमध्ये गेलीस आणि जांभळीच्या सीटवर बसलीस. डॉट ठेच्याची वाटी परत करायला आली, तोवर तशीच बसलेली होतीस. तुला उठताच येत नव्हतं. तिने तुला उचलून घरात नेलं. “ती काय म्हणाली माहितीये?” डॉट म्हणाली. “म्हणाली, मिल्याला सांगू नकोस, त्याला फ्लाइट आहे.”

तळं गोठलेलं होतं, ताई. तू सईला कधीतरी सांगून ठेवलं होतंस की तुला गंगा नको, गोदावरी नको, हे तळं पुरे. पण तुझ्या तळ्यावर हातभर जाडीचा बर्फ. मी म्हणालो, एप्रिलपर्यंत थांबू, तोवर अस्थी घरात ठेवू. सई म्हणाली, “मी आईला क्लोजेटमध्ये ठेवणार नाही.” आपल्याकडे अशा वेळी कुणीतरी काका, कुणीतरी गुरुजी मधे बोलतात. इथे डॉट बोलली. “व्ही आणि मी या तळ्यात मासे धरायला इतकी भोकं पाडलीत, आणखी एक पाडू.”

आणि सई म्हणाली, “ती जांभळीवरूनच जाईल. मामा, तू ने.”

आदल्या दिवशी मी जांभळीचा सौदा केला होता. एक संग्राहक रविवारी ट्रेलर घेऊन येणार होता. फोनवर भला माणूस वाटला. त्याचा एक गरम केलेला हॉल आहे, त्यात अशा मशीन ओळीने उभ्या, टाक्या कोरड्या, खाली गालिचा. त्याने दोनच प्रश्न विचारले. पिस्टन कारखान्यातलेच आहेत का, आणि तिन्ही सिलेंडरांचा दाब सारखा आहे का. मी व्हिडिओवर गेज लावून दाखवला. तिन्ही वेळा काटा एकाच जागी. तो पलीकडून हळूच म्हणाला, “कुणी सांभाळली ही?” सईला विचारलं तर ती म्हणाली, “मामा, तूच बघ, आय कान्ट.” मी त्याचा अर्थ हो असा घेतला. मला सोयीचे अर्थ लवकर सापडतात.

शनिवारी सकाळी उणे बावीस होतं. नाकातले केस गोठून टोचत होते. डॉट आपल्या नव्या स्लेडवर पुढे गेली, मागे सई, मांडीवर बर्फ पोखरायचं गिरमिट. मी गॅरेजमध्ये एकटा. छातीशी जाकिटाच्या आत तू, अजून कशी काय कोण जाणे, थोडी उबदार.

डबा फळीवर होता, ताई. मी पाहिला. मला माहीत होतं की आत बारीक जेट आहेत, मोहरीच्या वाटीतले, उन्हाचे, तुझ्याच हातांनी बसवलेले. हळदीची वाटी तिथे होती. तिन्ही कार्ब्युरेटर खोलायचे तर तासभर गेला असता, आणि लेक तिकडे बर्फावर उभी. मी स्वतःला सांगितलं, मैलभर तर जायचंय, हळू जाईन.

आणि आणखी एक. तुझ्या हातांनी बसवलेलं मला काढायचं नव्हतं. हे खरं आहे, पण मी पुढे करावं इतकंही मोठं नाही.

दोरी ओढली. सातव्या की आठव्या ओढीला ती जागी झाली, आणि तो वास आला. मी तळ्यावर उतरलो. सुरुवातीला खरंच हळू. पुढे सगळं पांढरं, वर सगळं निळं, मधे लांबवर दोन ठिपके, डॉट आणि सई. मग वाटलं, तू अशी हळू कधी गेली होतीस?

अंगठा दाबला.

ताई, मी इतकी वर्षं काठावर उभा राहून प्रदूषण मोजत होतो. मला कुणी सांगायचं नाही का! सांगितलंस तू, शंभरदा, पण हे सांगून कळणारं नव्हतं. हात खांद्यातून निघतील असं वाटलं, मग ते वाटणंच मागे पडलं. स्की उचलल्या गेल्या. जमीन, म्हणजे बर्फ, हा खरबरीत पदार्थ आहे हे मी विसरलो, कारण आता तो रेशीम झाला होता. तिन्ही गळे उघडले. पोटाखाली काहीतरी जिवंत धावत होतं, माझ्याहून मोठं, आणि त्याने मला क्षणभर स्वतःच्या वेगात घेतलं होतं. आईशपथ, मी ओरडलो. काय ओरडलो माहीत नाही. पन्नाशीचा माणूस, बहिणीच्या अस्थी छातीशी, आणि आनंदाने ओरडतोय. एखाद्या देवळाच्या गाभाऱ्यात अंधारात डोळे सरावून मूर्ती दिसावी, तशी तू मला दिसलीस. तुला इथे काय मिळत होतं ते.

आणि मग आवाज चढला. अर्ध्या सुराने, जरासाच. इतका गोड झाला, ताई, इतका स्वच्छ.

मला आठवलं. तुझं वाक्य शब्द न् शब्द आठवलं. अंगठा सोडायचा. मी सोडला नाही. वाटलं, आणखी थोडं. इतकं छान चाललंय, यात वाईट काय असेल. आणि ते वाटत असतानाच मला कळलं की हे मला आधी एकदा वाटलंय. पागोळ्या गळत होत्या तेव्हा. तुझा सतरा वर्षांच्या मुलीसारखा चेहरा बघून.

एक खाकरल्यासारखा आवाज झाला. मग काहीच नाही.

इंजिन बंद पडल्यावर जांभळी बराच वेळ तशीच घसरत गेली, नुसत्या वेगावर, नुसता स्कींचा सुसू आवाज. मी थांबलो तेव्हा सई आणि डॉट हाकेच्या अंतरावर होत्या. उरलेलं मी तुला घेऊन चालत गेलो.

डॉटने पाडलेल्या भोकात पाणी काळं होतं आणि त्यावर लगेच बर्फाचा चुरा जमत होता. तो काढायला तिच्याकडे लांब दांड्याचा झारा होता, थेट बुंदीच्या झाऱ्यासारखा. सईने तो घेतला आणि चुरा बाजूला करत राहिली, मी तुला सोडत राहिलो. मंत्र मला येत नव्हते. मी म्हणालो, “ताई, नीट जा.”  डॉटने टोपी काढली, त्या थंडीत, आणि शेवटपर्यंत घातली नाही.

मग सईने विचारलं, “व्हॉट हॅपन्ड टू द स्लेड?”

“पिस्टन गेला असणार. जेट बदलायला हवे होते. मी बदलले नाहीत.”

“विसरलास?”

इथे, ताई, मला हो म्हणता आलं असतं. माझं सगळं आयुष्य त्या एका ‘हो’वर चाललंय.

“नाही. माहीत होतं मला. चालवताना पण कळलं. आवाज छान येत होता म्हणून थांबलो नाही.” आणि मग ज्यासाठी इतका वेळ घेतला ते. “सई, डिसेंबरात पण माहीत होतं. आई इतकी छान का वाटतेय हे मला कळत होतं. कळून घ्यायचं नव्हतं. तिने मला थांबतोस का विचारलं आणि मी मीटिंग म्हणालो. तू येऊ का विचारलंस आणि मी झकास म्हणालो. तू आली असतीस तर तिच्याशी बोलली असतीस. ते माझ्यामुळे गेलं.”

सई माझ्याकडे बघत राहिली. तिच्या पापण्यांवर बर्फ धरला होता. मला वाटलं ती ओरडेल. तिने झारा डॉटच्या हातात दिला, माझ्या बाजूने चालत गेली आणि जांभळीची दोरी धरून ओढली. ती हलली नाही. पुन्हा ओढली. मग सीटवर बसली, पाठमोरी, तू बसायचीस तशी, आणि बराच वेळ बसून राहिली. आम्ही दोघं लांब उभे. डॉट माझ्या कानाशी म्हणाली, “तिच्याजवळ जाऊ नकोस. आणि पळूनही जाऊ नकोस.”

जांभळीला दोर बांधून डॉटनेच ओढत आणलं. संध्याकाळी मी संग्राहकाला फोन केला आणि खरं सांगितलं. सांगायची सवय नाही, पण एकदा सुरुवात झाली होती. तो बिचारा हळहळला. मग म्हणाला, अजूनही घेईन, निदान सुट्या भागांसाठी. मी उत्तर द्यायच्या आत सईने माझ्या हातातून फोन घेतला. “सॉरी सर. शी इज नॉट फॉर सेल,” म्हणाली आणि ठेवून दिला.

“तुला विकायची नव्हती?” मी विचारलं.

“तू विचारलंच नाहीस, मामा. तू इन्फॉर्म केलंस.”

रविवारी मी उठलो तर गॅरेजमध्ये दिवा. सई तुझं जुनं, कोपर झिजलेलं जाकीट घालून जांभळीसमोर मांडी घालून बसलेली. खाली वर्तमानपत्र पसरलेलं. हे तिला कुणी शिकवलं मला माहीत नाही, तूच असणार. झाकण काढून झालं होतं. तिन्ही पिस्टनचे माथे वर दिसत होते, मधल्याला भोक, कडा वितळून गोठलेल्या. बाजूचे दोघं मात्र कोरे, चकचकीत. इतकी वर्षं तू त्यांना किती नेमकं जेवू घातलं होतंस ते तिथे दिसत होतं, आणि मी त्यांच्याकडे बघतच राहिलो.

मला उद्या मीटिंग आहेत हे आठवलं. मी फोन काढला, आठवड्याचं सगळं कॅन्सल केलं, आणि तिच्या समोर वर्तमानपत्राच्या दुसऱ्या कडेला बसलो. गुडघे वाजले. तिने वर पाहिलं नाही. हळदीच्या वाटीतून एक जेट उचलला, त्यात फुंकर मारली, डोळ्याला लावून ट्यूबलाइटकडे बघितलं.

“दिसलं का?” मी विचारलं.

ती बराच वेळ बघत होती.

“आय ॲम स्टिल मॅड ॲट यू,” ती म्हणाली. “खूप. पाना दे.”

मी पाना दिला.